विंडोजसोबत लिनक्स मिंट टाकलं, पण मिंटमधून डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नाही. काय करावं?

दोष मिंटचा नाही, विंडोजच्या फास्ट स्टार्टअपचा. त्यामुळे 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी विंडोजच्या एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवायची पद्धत) ड्राइव्हवर लिहिलं तर डेटा बिघडू शकतो, म्हणून मिंट तो फक्त वाचायला देतं.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जा. फास्ट स्टार्टअपची खूण फिकट दिसेल; आधी वरच्या 'चेंज सेटिंग्ज...' ओळीवर क्लिक करा, मग ती खूण काढून सेव्ह करा आणि शट डाउन करा. घाईत असाल तर नुसतं 'रीस्टार्ट' करून मिंट निवडा. रीस्टार्टला विंडोज पूर्ण बंद होतं. तरीही अडलं तर विंडोजमधूनच ड्राइव्हची एरर चेकिंग चालवा. मिंटमधून ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करू (लिहिण्यासाठी जोडू) नका.