एक ‘च’ आणि एक ‘मेल्ये’

“ताई, आई गेली तेव्हा मला आधी बरं वाटलं. रडू नंतर आलं.”

हे वाक्य बाहेर पडायला कधी तीन भेटी लागतात, कधी पाच. तोवर झोप येत नाही, छातीत धडधडतं, पित्त उसळतं अशा तक्रारी असतात. वाक्य मात्र शेवटी हेच निघतं. रत्नागिरीत इतकी वर्षं समुपदेशन करताना माझ्या लक्षात आलंय, की आई गेल्यावर स्वतःला दोषी धरणारे आपल्याकडे दोन गटांत मोडतात. एक मुंबईचे चाकरमानी: “मी तिथे नव्हतो.” दुसऱ्या गावात राहिलेल्या मुली, सुना, क्वचित एखादा मुलगा: “मी तिथे होते, आणि कंटाळले होते.” पहिल्यांची समजूत काढायला सगळा गाव येतो. दुसऱ्या गप्प बसतात. आज या दुसऱ्यांबद्दल लिहिते आहे.

तिला आपण सुलभा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि हे लिहू का, असं तिला विचारलंही आहे. वय चव्वेचाळीस, लग्न राहून गेलेलं, घरीच शिलाईकाम. पावसच्या पुढच्या एका गावाहून एसटीने भाट्याचा पूल ओलांडून यायची. आईला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्यानंतर चार वर्षं आई खाटेवर आणि खाटेच्या पायथ्याशी सुलभाचं शिलाई मशीन. भाऊ विरारला, पैसे पाठवायचा, गणपतीला यायचा. आई आषाढात गेली तेव्हा तो आला आणि ओक्साबोक्शी रडला. बायका म्हणाल्या, मुलाचा जीव बघा कसा तुटतोय. सुलभा चहा करत होती.

दहाव्याला खाडीच्या कडेला पिंडाला कावळा शिवेना. तासभर सगळे पावसात उभे. कोणी म्हणे घराचं नाव घ्या, कोणी म्हणे सुलभाला सांभाळू म्हणून सांगा. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. सुलभा घरी होती, पुतण्याने येऊन सांगितलं. काकू म्हणाली, “बिचारीच्या मनात काहीतरी राहिलं.” भर आषाढात कावळा कशाला बाहेर पडतोय, हे काय सुलभाला कळत नव्हतं? कळत होतं. पण आईचे डोळे मिटले त्या पहाटे तिच्या तोंडून “सुटले गं बाई” निघालं होतं. तिच्या हिशेबात आईने ते ऐकलं होतं.

ती माझ्याकडे आली वैशाखात. वर्षश्राद्ध महिन्यावर आलेलं. रात्री दोनला आणि चारला अजून जाग यायची.

पहिल्या भेटीत मी चूक केली. म्हटलं, “सुलभाताई, चार वर्षं एकटीने एवढं कोण करतं आजकाल?” तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. “सगळे हेच म्हणतात,” ती म्हणाली आणि उरलेला पाऊण तास औषधांच्या खर्चाबद्दल बोलली. कौतुक हाही कधीकधी तोंडावर ठेवलेला हात असतो. जिला कबुली द्यायची आहे, तिला आपण सत्काराचा नारळ देतो. आता सहसा मी ती चूक करत नाही, पण त्या दिवशी केली.

मी विवेकनिष्ठ मानसोपचार मानणाऱ्यांपैकी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमाराला मांडलेला विचार थोडक्यात असा: घटनेने जितका त्रास होतो, त्याहून जास्त त्रास त्या घटनेबद्दल आपण स्वतःला जे बजावतो त्याने होतो. मराठीत हे बजावणं ओळखायची एक सोपी खूण आहे, आणि ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, समोरच्यांची वाक्यं ऐकता ऐकता सापडली, म्हणून जरा अभिमानाने सांगते. ती खूण म्हणजे ‘च’. “मला असं वाटायला नको होतं” यात खंत आहे. “मला असं वाटायलाच नको होतं” यात खटला आहे, निकाल आहे आणि शिक्षाही आहे. सुलभाची वाक्यं मी कागदावर उतरवून तिच्यापुढे ठेवली. एका पानावर ‘च’ अकरा वेळा. तिने मोजले आणि म्हणाली, “कापडावर एवढे डाग असते तर मी ते परत केलं असतं.”

कावळ्याशी मात्र मी वाद घातला नाही. माझ्याच पंथातल्या काही मंडळींना हे रुचणार नाही. पण कावळा हा पुरावा होता, आरोप नव्हे. तो खोडला असता तर तिने दुसरा शोधला असता.

तिसऱ्या भेटीत आम्ही साधा हिशेब केला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते. दिवसाला 12 वेळा. चार वर्षांचे झाले साधारण 17,500. रात्रीचे गजर तिच्या मोबाइलमध्ये अजून होते: दहा, बारा, दोन, चार.

“जखम झाली होती कधी?”

“एकदाही नाही. आमचे डॉक्टर दुसऱ्यांना सांगायचे, हिच्याकडून शिका.”

“मग ‘सुटले’ म्हणालात ते कशातून?”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “गजरातून.”

इथे थोडं थांबते, कारण हे वाचणाऱ्या कितीतरी जणींना हेच हवं असेल. चार वर्षं सलग झोप न मिळालेल्या शरीराने झोपेची वाट पाहणं आणि आई मरावी असं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुटका आणि दुःख एकाच घरात, एकाच रात्री राहू शकतात. आणि कृपा करून दुःखाच्या ‘पाच पायऱ्या’ (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) घेऊन येऊ नका. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून नव्हे. “मी दुसऱ्या पायरीवर अडकलेय का?” असं विचारणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. जिना नाहीच, तर अडकणार कुठे?

सुलभाचा खरा गुन्हा चौथ्या भेटीत आला. एका रात्री आईने पेजेची वाटी दोनदा उलथवली. दुसऱ्यांदा सुलभाने तिच्या डाव्या हातावर, म्हणजे चालत्या हातावर, फटका मारला. जोरात. आई बघत राहिली आणि म्हणाली, “मेल्ये.”

“शेवटपर्यंत मला तेच म्हणत राहिली, ताई. आधी ‘बाय’ म्हणायची. ‘बाय, आधी जेवून घे.’ आजारानंतर ‘बाय’ गेलं. चार वर्षं फक्त ‘मेल्ये’.”

“वाचा गेली होती म्हणालात ना?”

“गेली होती. हा एवढाच एक शब्द राहिला होता.”

मी खुर्ची पुढे ओढली. सांगितलं ते असं: उजवी बाजू लुळी पडली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागाला, आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. अशा माणसाला हवा तो शब्द जुळवता येत नाही. पण वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं काहीतरी, एखादी शिवी, देवाचं नाव, आकडे, कधीकधी तसंच शिल्लक राहतं. तो शब्द माणूस निवडत नाही. मागतो पाणी, बाहेर पडते शिवी.

“मग पाणी हवं असलं की काय म्हणायची?”

“मेल्ये.”

“कूस बदलायची असली की?”

“मेल्ये.” आता ती माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होती.

“सगळं एकाच आवाजात?”

“नाही हो. पाण्याला लांब. मेल्येऽऽ. पाठ दुखली की तुटक. मे-ल्ये. मशीन फार वेळ चाललं की रागाने.”

“आणि दिवसभरात बरं कधी वाटायचं त्यांना?”

“संध्याकाळी केस विंचरायची तेव्हा. खोबरेल लावून.”

“तेव्हा कसं म्हणायच्या? म्हणून दाखवा.”

तिने तोंड उघडलं आणि अगदी हळू, शेवटी जरासं खाली उतरणाऱ्या सुरात म्हटलं, “मेल्ये…” आणि तिथेच थांबली. पुन्हा एकदा म्हटलं. मग त्याच सुरात, तसंच खाली उतरत: “बाय…”

दोन्हींचा सूर एक होता. मलाही ऐकू आला.

आवाजातल्या चढउतारांत मेंदूच्या उजव्या भागाचा मोठा वाटा असतो आणि तो तिच्या आईचा धड होता, हे मी नंतर सांगितलं. त्या क्षणी काही बोलले नाही. अकरा महिन्यांत प्रथमच ती रडली, तेही आवाज करून. बाहेरच्या बाकावर पुढचे गृहस्थ ताटकळत होते, त्यांना मी हातानेच थांबायला सांगितलं. “आईचं तुमच्यावर प्रेम होतं” हे वाक्य माझ्या जिभेवर पहिल्या भेटीपासून होतं. ते गिळलं याचा मला आजही आनंद आहे. मी दिलं असतं तर ते एक सांत्वन ठरलं असतं. तिने स्वतःच्या कानांनी शोधून काढलं ते तिचं झालं.

पण फटका उरलाच होता. त्याला मी “जाऊ दे हो” म्हटलं नाही. लुळ्या माणसाला मारणं चूकच, आणि बघा, इथे मी ‘च’ वापरते आहे. कृतीला ‘च’ लावायला हरकत नाही; माणसाला लावू नये. ‘मी चुकले’ म्हणता आलं की पुढे काय करायचं हे सुचतं. ‘मी वाईटच’ म्हटलं की माणूस रात्री दोनला छताकडे बघत पडून राहतो.

“दुसऱ्या दिवशी काय केलंत?”

“सकाळी तिच्या हाताला तेल चोळलं. बराच वेळ.”

“आणि त्या?”

“डोळे मिटून घेतले होते.”

पुढचं तिलाच सुचलं. वाडीतल्या एका घरी सासू अंथरुणावर आहे, सून एकटी. सुलभा दर रविवारी दुपारी दोन तास तिथे बसते आणि सुनेला झोपायला लावते. पहिल्याच दिवशी तिला सांगितलं म्हणे, “हात उचलावासा वाटला की आधी अंगणात ये. मी आले नव्हते.”

एवढ्यावर सगळ्यांचं भागतंच असं नाही. आई जाऊन सहा महिने उलटून गेले तरी दुःखाची धार जराही कमी होत नसेल, जेवणखाण, काम, माणसं सुटली असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि ‘मीपण तिच्यामागे जावं’ असे विचार येत असतील तर सहा महिनेच काय, सहा दिवसही थांबू नका. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना एक विनंती: मयताच्या घरी कोण किती रडलं याची मोजदाद करू नका. चहा कोण करतंय तिकडे बघा, आणि जमलं तर तिच्या हातातलं भांडं घ्या.

वर्षश्राद्ध झाल्यावर सुलभा एकदा येऊन गेली, घरच्या झाडाचे चार फणस-गरे डब्यात घेऊन. पानाला कावळा शिवला का, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. गजरांचं विचारलं.

“दहा, बारा, दोनचे काढले,” ती म्हणाली. “चारचा ठेवलाय. पहाटे ब्लाउज छान होतात.”