ऑक्युपेशनल थेरपी केली की लहान मुलांचंच क्लिनिक काढावं लागतं का?

तुम्ही विचारलंय, "मुलीला फिजिओथेरपी थोडक्यात हुकली, बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची पदवी) मिळतेय. पुढे ऑटिझमच्या मुलांच्या सेंटरशिवाय काही नसतं असं ऐकलं. खरं आहे का? जागा घ्यावी का?"

खरं नाही. पण असं का ऐकू येतं ते समजू शकते. सध्या मुंबई-पुण्यात आमच्या क्षेत्राच्या ज्या पाट्या दिसतात त्यातल्या बहुतेक लहान मुलांच्या सेंटरच्या असतात, आणि पास झाल्याझाल्या नोकरीही तिथेच पटकन लागते.

मलाही फिजिओच हवी होती, हे आधी सांगून टाकते. मी 2006 साली मुंबईतून पास झाले. पहिली दोन वर्षं नातेवाईक विचारायचे, "म्हणजे मालिशच ना?" नंतर विचारायचेही बंद झाले. सरकारी दवाखान्यात आमच्या विभागावर 'व्यवसायोपचार' अशी पाटी असते. इंटर्नशिपला असताना एक काका ती वाचून आत आले आणि पिठाच्या गिरणीसाठी कर्ज कुठे मिळेल म्हणून चौकशी करू लागले. त्यांची चूक काहीच नव्हती. ऑक्युपेशन म्हणजे आमच्या लेखी माणसाचा दिवस ज्या ज्या कामात जातो ते सगळं: आंघोळ, पोळ्या, नोकरी, खेळ, शर्टाची बटणं. पाटीवरून हे कळावं तरी कसं?

पहिली नोकरी हातांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका सर्जनकडे केली. पॉवर प्रेसमध्ये हात सापडलेले कामगार यायचे. शिवलेल्या टेंडनचं (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं) दुखणं असं, की लवकर जोर दिला तर टाका तुटतो आणि अजिबात हलवलं नाही तर टेंडन आजूबाजूला चिकटून बसतं. म्हणून आधी स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार. थर्मोप्लास्टिकचा कापलेला तुकडा गरम पाण्यात सोडला की ओल्या पापडासारखा मऊ पडतो. तो टॉवेलवर टिपायचा, आपल्या मनगटाला लावून चटका बसत नाही ना बघायचं, मग पेशंटच्या हातावर बसवायचा. गार होऊन कडक व्हायच्या आत मिनिट-दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात मनगटाचा कोन, बोटांचा कोन, सगळं साधायचं. सुरुवातीचे माझे कितीतरी तुकडे कचऱ्यात गेले.

तिथल्या एका पेशंटचा अंगठा शिवलेला होता. तीन महिन्यांनी पकड मोजायच्या यंत्रावर आकडा चांगला यायला लागला, मी खूश. तो मात्र हिरमुसलेला. खोदून विचारलं तेव्हा लाजत म्हणाला, "मॅडम, तंबाखू मळता येत नाही." झालं, मी त्याच्या तळहातावर ओवा ठेवला आणि रोज दहा मिनिटं मळायला लावला. तंबाखू काही सुटली नाही त्याची (तो माझा पराभव), पण अंगठा चालायला लागला आणि माणूस कामावर परतला. फिजिओ आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) यांत फरक काय, असं मुलीनं विचारलं तर तिला हा ओवा सांगा. दोन्हींत व्यायाम आहेत, हात लावणं आहे. आम्ही मात्र सुरुवात करतो ती "तुम्हाला काय करायचंय आणि ते कुठे अडतंय?" इथून.

नंतर दोन वर्षं मानसिक आजारांच्या एका संस्थेत होते. लोकांना हे माहीतच नसतं, पण ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांसारख्या ठिकाणी हे जुनं आणि मोठं काम आहे. आमच्याकडे एक बाई होत्या, बरीच वर्षं संस्थेतच राहिलेल्या. घरी पाठवायची तयारी म्हणून मी त्यांना चहा करायला घेतलं. आधण ठेवलं, आलं किसलं, सगळं व्यवस्थित. साखरेच्या डब्याशी आल्यावर हात थांबला. "किती घालू?" म्हटलं, तुम्हाला आवडते तेवढी. त्या नुसत्या बघत राहिल्या. इतकी वर्षं आयता, सगळ्यांना एकसारखा चहा मिळाला होता, आपल्याला किती गोड लागतो हेच त्या विसरल्या होत्या. पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज वेगवेगळी साखर घालून चहा केला. दीड चमच्यावर त्या ठाम झाल्या, त्यानंतर एसटीचं तिकीट काढायला शिकवलं.

बाकीचं भराभर सांगते. माझ्या बॅचची एक जण हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत खुर्च्या, टेबलं आणि मनगटं तपासत फिरते. एक जण म्हाताऱ्या माणसांची घरं बघते: बाथरूममध्ये कठडा कुठे, उंबरा काढायचा का, पलंग किती उंच हवा. दोघी शिकवतात. एक इंग्लंडमध्ये एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी करून सरकारी रुग्णालयात आहे, दुसरी अमेरिकेत ओटी म्हणून काम करायला लागणारी एनबीसीओटी परीक्षा देऊन नर्सिंग होममध्ये. परदेशाचा विचार असेल तर कॉलेजला डब्ल्यूएफओटीची (ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक संघटनेची) मान्यता आहे का ते प्रवेशाआधीच बघा, नंतर उपयोग नाही. ही जागतिक संघटना 1952 साली निघाली तेव्हा भारत संस्थापक देशांत होता. त्यामागे कमला निंबकर होत्या. जन्मानं अमेरिकन, लग्नानं निंबकर. मुंबईच्या केईएममध्ये 1950 साली त्यांनी या विषयाचं कॉलेज सुरू केलं. म्हणजे हा कोर्स काल-परवा कुणी काढलेला नाही.

आता पैसे. सुरुवातीला कमीच. माझा पहिला पगार सात हजार होता. सरकारी जागा थोड्या आणि भरती रखडत होते. मुलांच्या सेंटरांत पैसे लवकर दिसतात, पण तिथे जरा डोळे उघडे ठेवायला हवेत. एका सेंटरनं मला पालकांच्या गळ्यात जास्त सेशन मारायचं टार्गेट दिलं होतं, तीन महिन्यांत सोडलं. त्याचा राग मुलांच्या कामावर नाही. आजही आठवड्यातले दोन दिवस मी एका शाळेत असते, आणि डब्याचं झाकण पहिल्यांदा स्वतः उघडणाऱ्या पोराचा चेहरा बघायला मला अजून आवडतं. माझं म्हणणं एवढंच, की मुलीनं इंटर्नशिपमध्ये हात, मेंदूचे आजार, मानसिक आजार हे सगळं नीट करून बघावं आणि मग ठरवावं. थेट मुलांच्या सेंटरला गेलं की पाच वर्षांनी दुसरीकडे वळायचं धाडस होत नाही, हे मी बऱ्याच जणींच्या बाबतीत पाहिलंय.

जागा घ्यावी का, हे मी इथून कसं सांगणार? मुदत संपायच्या आत तिला घेऊन केईएम, नायर, सायन किंवा नागपूरचं मेडिकल, जे जवळ असेल तिथे या विभागात जा, विचारून परवानगी घ्या आणि तासभर बसा. लकव्याचा एखादा पेशंट शर्टाचं बटण लावायचा सराव करत असेल. बघणाऱ्याचा जीव जातो इतका वेळ लागतो त्याला. तुमची मुलगी त्या वेळात मोबाईल काढते की त्याच्या बोटांकडे बघत बसते, तेवढं फक्त बघा. आणि सकाळीच जा, दुपारी एकनंतर सामान आवरायला घेतात.