ट्यूब पुसायच्या आधी वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खोकंभर जुन्या डिस्प्ले ट्यूब, म्हणजे यंत्रांत आकडे किंवा खुणा दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या, हाती आल्यात, धुळीने माखलेल्या, चारांवर तर काही छापलेलंच दिसत नाही. त्या कोणत्या, किती जुन्या, हे कसं शोधायचं आणि साफ कशाने करायच्या? मी शेवटून सुरुवात करतो. आज काहीच साफ करू नका.

का, ते सांगतो. माझी पहिली मॅजिक आय, म्हणजे जुन्या रेडिओत स्टेशन नीट लागलं की सावली मिटत जाते तो हिरवा डोळा, मी हौसेने स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. काच लख्ख झाली. बोळ्याकडे पाहिलं तर ट्यूबवरचा सगळा छाप त्याच्यावर. प्रकार मला पुढे आकारावरून आणि पिनांवरून ओळखता आला, पण कारखाना आणि साल गेलं ते गेलंच. बऱ्याच ट्यूबवरची शाई इतकी कच्ची असते की ओला अंगठाही पुरतो. धूळ काढायचीच असेल तर कोरड्या मऊ ब्रशने, छाप सोडून.

छाप दिसत नाही म्हणजे तो नाहीच, असं मात्र नाही. काचेवर तोंडाची वाफ सोडा आणि दिवा तिरका धरा. शाई उडाली तरी तिच्या जागी वाफ जरा वेगळी बसते, आणि दोन-तीन सेकंद अक्षरं उमटतात. मोबाईलचा कॅमेरा आधीच रोखून ठेवा. तुमच्या त्या चार ट्यूबवर हे पहिल्यांदा करून पाहा.

आता छाप आहे त्यांचं. सोव्हिएत ट्यूब असेल तर लिपी फसवते. आरशातल्यासारखा उलटा एन आणि त्यापुढे एच दिसला की नवखा माणूस 'एनएच' म्हणून शोधत बसतो. ती रशियन अक्षरं 'इ' आणि 'न' आहेत, म्हणजे आपली आयएन मालिका: आयएन-१२, आयएन-१४, मोठ्या आकड्यांची आयएन-१८. या निक्सी, म्हणजे तारेचे आकडे चमकवणाऱ्या ट्यूब. उलट्या एनपुढे बी दिसला तर तो रशियन 'व', आणि ती आयव्ही मालिकेतली व्हॅक्यूम फ्लुरोसंट ट्यूब, लेप दिलेल्या तुकड्यांनी आकडा उजळवणारी. शेजारी बहुतेक वेळा चार आकडे असतात, महिना आणि वर्ष: ०७८३ म्हणजे जुलै १९८३. आयएन-१२ची आणखी एक खूण म्हणजे तिच्यातला ५ हा उलटा बसवलेला २ आहे. एकदा कळलं की नजर तिथेच जाते.

पश्चिम युरोपातल्या ट्यूबच्या बाबतीत छापील नावावर जाऊ नका. फिलिप्स, व्हाल्व्हो, मलार्ड ही एकाच घरातली नावं; एका कारखान्यातला माल तिन्ही नावांनी विकला जायचा. खरी माहिती असते काचेच्या खालच्या कडेला, कोरल्यासारख्या बारीक कोडमध्ये. त्यात छोटा त्रिकोण असेल तर नेदरलँड्समधलं हेर्लेन, बी असेल तर इंग्लंडातलं ब्लॅकबर्न. गोची अशी की त्या कोडमध्ये वर्षाचा एकच आकडा असतो. ७ म्हणजे १९५७ की १९६७, हे ती ट्यूब कोणत्या यंत्रातून निघाली त्यावरूनच ठरवावं लागतं.

छाप नसला तरी कुळ ओळखता येतं. पुढे जाळी आणि मागे तारेचे आकडे एकामागोमाग रचलेले, तर निक्सी. (ते ० ते ९ अशा ओळीने नसतात; एकमेकांना कमीत कमी झाकतील असे लावलेले असतात.) फिकट लेप दिलेले सेगमेंट (आकड्याचे तुकडे) आणि त्यांच्यापुढे केसासारखी तार, तर व्हॅक्यूम फ्लुरोसंट. ही जपानची; इसे इलेक्ट्रॉनिक्सने १९६७ च्या सुमारास आणली. मधोमध चकती आणि भोवती ३० पिनांचं रिंगण दिसलं तर डेकाट्रॉन, आणि मग मला तुमचा हेवा वाटेल. ती नुसती आकडा दाखवत नाही, मोजते. इंग्लंडातल्या १९५१ च्या हार्वेल संगणकात अशा ८२८ ट्यूब होत्या. तो २०१२ मध्ये ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात पुन्हा चालू केला.

इतिहास शोधताना 'निक्सी बरोजने १९५५ साली शोधली' हे वाक्य जागोजागी भेटेल. बरोज या अमेरिकन कंपनीने ती बाजारात आणली हे खरं, पण काम हेडू ब्रदर्स या छोट्या कंपनीचं होतं आणि ती कंपनी बरोजने विकत घेतली होती. त्याच्याही आधी, १९३४ मध्ये, हान्स बॉस्वाऊ यांनी अशाच चमकत्या अक्षरांच्या दिव्याचा पेटंट अर्ज केला होता. पेटंट १९३९ मध्ये मिळालं. म्हणून मी लेखांआधी पेटंट उघडतो. त्यात आकृत्या असतात आणि जुन्या पेटंटचे उल्लेखही सापडतात, म्हणजे एक धागा धरून मागे जाता येतं. शिवाय निक्सी हा बरोजचा ट्रेडमार्क, त्यामुळे इतरांच्या जुन्या कागदपत्रांत तो शब्द नसतोच. तिथे डिजिट्रॉन, न्यूमिकेटर अशा नावांनी शोधा.

पेटवून पाहायची घाई होणारच, तर एवढं पाळा. निक्सीला १७० ते १८० व्होल्ट डीसी लागतो आणि तो झटका जीवघेणा ठरू शकतो. सप्लाय बंद करून, कपॅसिटरमधला साठलेला चार्ज उतरल्याची मीटरवर खात्री करूनच हात लावा. ट्यूबच्या सिरीजमध्ये रेझिस्टर हवाच: पेटल्यावर ट्यूबवर साधारण १४० व्होल्ट उरतात, म्हणजे १८० व्होल्टवर २२ किलोओहम लावला की दोन मिलिअँपच्या आत राहता. एखादा आकडा अर्धवट पेटला तर ट्यूब फेकू नका. बराच काळ न पेटलेल्या आकड्यावर शेजारच्या आकड्यांचा उडालेला धातू बसतो. तोच आकडा थोड्या जास्त करंटवर काही तास जळत ठेवला की पुष्कळदा साफ होतो. मॅजिक आयचं तसं नाही. तिचा हिरवा लेप वापराने मंद होतो आणि परत येत नाही. आणि फोडू मात्र एकही नका, अनेक निक्सींत थोडा पारा असतो.

खोक्यातल्या प्रत्येक ट्यूबला दोऱ्याने चिठ्ठी बांधा: कुठून आली, कोणत्या यंत्रातून, कोणत्या सॉकेटातून, सोबत काय होतं. पिनेला जुन्या वायरचा तुकडा किंवा सोल्डर असेल तर काढू नका. ती ट्यूब वापरातली होती एवढं तरी त्यावरून कळतं, आणि वायरच्या रंगावरून कधीकधी यंत्रही सापडतं.

चार बिनछापाच्या ट्यूबचे बुडाकडून फोटो टाका, पिना मोजता येतील असे, शेजारी पट्टी ठेवून. वाफेत काही उमटलं तर तेही टाका, अर्धंमुर्धं असलं तरी चालेल.