शेकोटी घरात, धूर बाहेर

*थंडी जवळ आली की फायरप्लेसबद्दलची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतले पाच प्रश्न घेतले आहेत.*

प्रश्न : पाचगणीत एकमजली बंगला बांधतो आहोत. हॉलमध्ये लाकडावरची फायरप्लेस हवी आहे. गवंडी म्हणतो, "मापं सांगा, बांधून देतो." कोणती मापे द्यावीत?

उत्तर : आधी अपेक्षा बेताची ठेवा. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाच्या उष्णतेतला जेमतेम दहा-पंधरा टक्के भाग खोलीला मिळतो, बाकीचा धुराड्यातून जातो. पाचगणीच्या हिवाळ्यात तेवढ्याने भागते, पण म्हणूनच तोंड मोठे करू नका. हॉटेलच्या लॉबीतला पाच फुटी जबडा घरी बांधला तर ऊब वाढत नाही, लाकूड आणि धूर मात्र वाढतात.

साधारण १५ बाय १८ फुटांच्या हॉलला ३० इंच रुंद आणि २६ इंच उंच तोंड पुरते. आत १८ इंच खोल ठेवा. मागची भिंत १८ इंच रुंद घ्या आणि बाजूच्या दोन्ही भिंती तोंडाकडे फाकवा, म्हणजे आच समोर फेकली जाते. काटकोनी चौकट बांधणे गवंड्याला सोपे जाते, पण तिच्यातली बरीच आच आतल्या आतच जिरते. लिंटेलच्या, म्हणजे तोंडावरच्या आडव्या तुळईच्या, खालच्या कडेपासून आठ इंच वर घसा, म्हणजे धूर वर जाण्याची अरुंद फट, येऊ द्या. तो ३० इंच लांब आणि चार इंच रुंद असावा, आणि त्यावरच उघडझाप करणारी लोखंडी झडप बसवा. घशामागे सपाट ओटा सोडा. वरून उलटा येणारा वारा आणि पावसाचे थेंब त्यावर अडतात.

आता धुराची नळी. तिचे क्षेत्रफळ तोंडाच्या किमान एक दशांश हवे. ३० गुणिले २६ म्हणजे ७८० चौरस इंच, त्याचा दशांश ७८. दहा इंच व्यासाची गोल नळी बरोबर तेवढी भरते. आतला पाइप स्टेनलेस स्टीलचाच घ्या. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, आपल्या पावसात लवकर गंजतो आणि फार तापला तर जस्ताचा घातक धूर सोडतो. धुराडे छपरातून जिथे बाहेर पडते तिथून तीन फूट वर न्या. शिवाय दहा फुटांच्या आत कौलांचा कणा, पाण्याची टाकी किंवा दुसरी भिंत असेल, तर त्याहून दोन फूट उंच. फायरप्लेसच्या तळापासून एकूण उंची १५ फूट भरली तर उत्तम.

आपल्याकडे उंचीवर इतका भर कशासाठी? धूर वर ओढला जातो तो आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे आणि धुराड्याच्या उंचीमुळे. जिथे बाहेर बर्फ पडतो तिथे फरक दांडगा असतो, तोकडे धुराडेही ओढ घेते. आपल्याकडे बाहेर १४ अंश आणि आत २० अंश! उणीव उंचीनेच भरून काढायची. त्याच कारणाने शक्यतो धुराडे घराच्या आतल्या भिंतीतून न्या. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेले रात्रभर गारठते आणि पेटवताना हटून बसते.

छपराला लाकडी वासे असतील तर धुराड्याच्या बांधकामापासून दोन इंच मोकळी फट सोडा आणि ती पत्र्याने झाका. त्या फटीत लाकूड ठासून भरू नका.

प्रश्न : लोणावळ्याच्या घरात मागच्या वर्षी केलेल्या फायरप्लेसचा धूर हॉलमध्येच येतो. पाइप सहा इंची आहे. वर पंखा बसवावा का?

उत्तर : पंख्याआधी गणित पाहा. सहा इंची पाइपचे क्षेत्रफळ २८ चौरस इंच. तुमचे तोंड ३० बाय २६ च्या आसपास असेल तर प्रमाण दशांशाऐवजी सत्तावीस-अठ्ठावीसांश पडते. धुराला वाटच नाही.

तरी पाइप बदलण्यापूर्वी दोन गोष्टी करून बघा. पहिली, स्वयंपाकघरातली चिमणी बंद करा. ती तासाला हजारभर घनमीटर हवा बाहेर फेकते. दारे-खिडक्या लावलेल्या असतील तर तेवढीच हवा फायरप्लेसच्या नळीतून आत ओढली जाते, धुरासकट. जवळची एखादी खिडकी दोन बोटे उघडून पेटवा. दुसरी, पेटवण्याआधी वर्तमानपत्राचा पेटता बोळा चिमट्यात धरून झडपेखाली मिनिट-दोन मिनिटे ठेवा. नळीत साठलेली गार हवा सरकली की ओढ सुरू होते.

तरीही धूर आला तर तोंडाच्या वरच्या कडेला पत्र्याचा तुकडा धरा आणि इंचाइंचाने खाली आणा. धूर जिथे थांबेल तिथे खूण करा. चार-पाच इंचांत थांबला तर तेवढी लोखंडी पट्टी कायमची लावून टाका. त्याहून खाली यावे लागले तर पाइप बदलण्याला पर्याय नाही. तोवर खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. हा वायू दिसत नाही, वासही येत नाही. आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत झडप बंद करायची नाही, कितीही झोप आली तरी.

प्रश्न : आतून कडाप्पा लावला होता, पहिल्याच आठवड्यात तडकला. आता बेसाल्ट लावू का?

उत्तर : आगीला थेट भिडणाऱ्या जागी दोन्ही नकोत. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, थर सुटून उडतो. बेसाल्टमध्ये पाणी मुरलेले असेल तर त्याची वाफ होऊन ढलप्या निघतात. नदीतले गोटे तर फटाक्यासारखे फुटतात. आत फायर ब्रिक, म्हणजे आच सोसणाऱ्या विटा लावा, ९ बाय साडेचार बाय ३ इंची. वर दिलेल्या मापाला कापाकापीसकट ७५ ते ८० विटा लागतात. सांधे तीन मिलिमीटरचे आणि फायर क्ले मॉर्टरचे. नेहमीच्या सिमेंटचा सांधा तापून भुसभुशीत होतो. विटा आणि बाहेरचे बांधकाम यांच्यात अर्धा इंच जागा सोडून सिरॅमिक वूल (आच सोसणारा कापसासारखा भराव) भरा, म्हणजे तापलेली वीट फुगली तरी बाहेरचा गिलावा फाटत नाही.

कडाप्पा किंवा जांभा बाहेरच्या सजावटीला खुशाल वापरा. समोरच्या जमिनीवर मात्र तोंडापुढे १६ इंच आणि दोन्ही बाजूंना आठ इंच न जळणारी फरशी हवी. तोंड सहा चौरस फुटांहून मोठे असेल तर २० आणि १२ इंच.

बांधकामाला २८ दिवस सुकू द्या. मग चार-पाच दिवस रोज मूठभर काटक्यांचाच जाळ. "झाली एकदाची" म्हणत पहिल्याच रात्री ओंडके लावले, तर आतल्या ओलीने नवे सांधे फुटतात.

प्रश्न : पुण्यात फ्लॅट आहे, धुराडे शक्य नाही. इथेनॉल, गॅस की इलेक्ट्रिक?

उत्तर : इलेक्ट्रिक. दोन किलोवॉटचा हीटर तासाला दोन युनिट घेतो. १६ अँपिअरचे सॉकेट आणि त्याची स्वतंत्र वायर हवी, एक्स्टेन्शन बोर्ड नको. नुसत्या दिव्यांच्या ज्वाळा लावल्या तर खर्च नगण्य.

इथेनॉलची आग खरी असते, पण जळणातून निघणारे सगळे खोलीतच राहते. एक लिटर इथेनॉल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफ होऊन हवेत येते, शिवाय दीड किलो कार्बन डायऑक्साइड. बंद बेडरूममध्ये तर ते नकोच. खरा धोका भरताना असतो. उजेडात त्याची ज्वाळा दिसतही नाही, आणि विझली समजून कॅन ओतला की आग उलटी कॅनमध्ये शिरते. बर्नर हाताला गार लागेपर्यंत भरायचे नाही. धुराडे नसलेला गॅसचा प्रकार घेऊ नका; बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचा जो धोका, तोच इथे.

प्रश्न : पावसाळ्यात फायरप्लेसमधून धुरकट, कुबट वास येतो. लाकूडही नीट पेटत नाही.

उत्तर : आपल्याकडे फायरप्लेस थंडीपेक्षा पावसाने बिघडते. परदेशी पुस्तके धुराडे हिवाळ्याच्या तोंडावर झाडायला सांगतात. आपण मे महिन्यात झाडायचे. काजळी आत राहिली आणि तिच्यावर चार महिने ओल बसली की आम्ल तयार होते आणि पाइप खाते. वासही तिचाच. दहा इंची ब्रशने झाडून घ्या, धुराड्यावरच्या टोपीची जाळी तपासा, आणि वरचे तोंड बंद करून बांधा. नुसती झडप लावल्याने पाणी अडत नाही. छपराशी जिथे सांधा येतो तिथे पत्र्याचे फ्लॅशिंग, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, कौलांखाली सरकवलेले हवे. वरून थापलेले सिमेंट दरवर्षी चिरते. नोव्हेंबरात उघडताना आत पोळे किंवा घरटे नाही ना, हे आधी टॉर्चने बघा.

लाकूड जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. बाभूळ किंवा सुरू, तीन-चार इंच जाडीचे फोडलेले. विटांवर रचा, वरून छप्पर, बाजू उघड्या. उन्हाळाभर सुकलेले पुढच्या हिवाळ्यात लागते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजले पाहिजेत. बद्द आवाज आला तर आत ओल आहे. ओलावा मापक असेल तर २० टक्क्यांच्या आत हवा. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या पेटवणाला झकास, खिळे काढून. प्लायवूड, सनमायका, रंगवलेली दारे अजिबात नकोत. आणि महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा भोवतालच्या झाडांना हात लावू नका.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत दोन-तीन दिवस ठेवूनच टाका. राखेखाली निखारा तेवढा वेळ जिवंत राहू शकतो. गार राख केळीला मूठभर चालेल. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात नको, तिला जमीन किंचित आम्लच लागते.