वडिलांना इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून त्यावर मळ जमा होणारी पिशवी लावली आहे. कोल्हापूरहून पुण्याला लग्नासाठी एसटीने न्यावं का?

जखम भरली असेल, डॉक्टरांची हरकत नसेल तर जरूर न्या. घरातलं कार्य त्यांनी चुकवू नये. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. म्हणून स्टँडवर निघण्याआधी आणि मधल्या थांब्यावर न चुकता. जादा पिशव्या, पिशवी पोटावर चिकटवायच्या, मापाने कापलेल्या चकत्या, एक कपड्यांचा जोड हाताशी ठेवा, डिकीत नको.

खरी काळजी पाण्याची. इलिओस्टोमीत पाणी आणि मीठ दोन्ही जास्त जातं. पिशवी भरेल या भीतीने माणसं पाणीच पीत नाहीत, ते अजिबात होऊ देऊ नका. ओआरएस जवळ असू द्या. जेवणात तिखट घरी सोसत असेल तर तिथेही सोसेल. मक्याचे दाणे, ओलं-सुकं खोबरं मात्र टाळा, आतड्यात अडकतं.