पोलिसांच्या गाडीतून मानसिक आरोग्याची नर्स येते हे खरं आहे का? आपल्याकडे असं होऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की काकांना स्किझोफ्रेनिया आहे, मागच्या वेळी ते बिथरले तेव्हा पोलिसांना बोलवायचं की नाही यावरच घरात दोन तास गेले, आणि ऑस्ट्रेलियात पोलिसांबरोबर नर्स येते असं कुठंतरी वाचलंत.

हो, खरं आहे. मी तेच काम करते. मूळची कराडची, मानसिक आरोग्याची नर्स, सध्या कॅनबेराला. इथं डिसेंबर २०१९ पासून पेसर नावाची टीम आहे, एक पोलीस, एक पॅरामेडिक (अँब्युलन्सवर प्राथमिक उपचार करणारा) आणि एक मेंटल हेल्थ क्लिनिशियन (म्हणजे माझ्यासारखी नर्स, नाहीतर सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर), तिघं मिळून जातात. कुणी ०००ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन करून सांगितलं की माझा मुलगा स्वतःला इजा करेल असं वाटतंय, की शक्य असेल तर आम्हाला पाठवतात.

तिघं कशाला, एक नर्स पुरे की, असं मला आधी वाटायचं. मग एका घरी गेलो (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). ऐंशीच्या आसपासच्या आजी, चार दिवसांपासून घरात चोर शिरलेत म्हणत होत्या, आणि मुलगा जवळ गेला की त्याला काठीने मारत होत्या. मुलाला वाटलं वेड लागलं. पोलिसाने आधी गोडीत काठी काढून घेतली आणि तो दारात जाऊन उभा राहिला, मी आजींच्या कॉटपाशी खाली जमिनीवर बसले आणि चोर कुठून आले, किती आहेत असं विचारत राहिले, वाद घातला नाही, आणि तेवढ्यात पॅरामेडिकने हात धरून नाडी बघितली, ताप बघितला, शुगर बघितली. अंगात ताप होता. लघवीचं इन्फेक्शन निघालं, म्हाताऱ्या माणसांना त्याने असा भ्रम होतो. आजी मेडिकल वॉर्डला गेल्या. त्या दिवशी मी एकटी असते तर माझंसुद्धा चुकलं असतं, आणि नुसते पोलीस असते तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

उलट बाजूनेही होतं. पेशंटची जुनी फाईल मला बघता येते, कुठलं औषध चालू होतं, कधी बंद केलं, मागच्या वेळी कशाने शांत झाला. ते पोलिसांना दिसत नाही, त्यांच्यासाठी तो फक्त आरडाओरडा करणारा माणूस असतो. पुष्कळदा असं होतं की तासभर बोलून, झोपेचं औषध ठरवून, उद्या सकाळी क्रायसिस टीमचा फोन येईल एवढं पक्कं करून आम्ही माणसाला घरीच ठेवतो, इमर्जन्सीच्या खुर्चीवर रात्रभर बसवत नाही. प्रत्येक वेळी जमत नाही. कायद्याने जबरदस्ती न्यावंच लागतं असेही लोक असतात, आणि एका वेळी दोन कॉल आले तर एका घरी साधी पोलीस गाडीच जाते.

हे एकाच पद्धतीने चालतं असंही नाही. अमेरिकेत मेम्फिसमध्ये पोलिसांनी एका आजारी माणसाला गोळी घातली, त्यानंतर १९८८ मध्ये तिथं पोलिसांनाच ४० तासांचं ट्रेनिंग द्यायला सुरुवात झाली. स्टॉकहोममध्ये २०१५ पासून मानसिक आरोग्याच्या नर्सची वेगळी अँब्युलन्सच आहे. अमेरिकेतच ओरेगनमधल्या युजीन गावात १९८९ पासून काहूट्स नावाच्या टीमची व्हॅन अशा कॉलला पोलिसांशिवाय जायची, सगळं जग त्यांचं नाव घ्यायचं, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये युजीनमधलं ते काम पैशांअभावी बंद पडलं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आता मी या कामात का आले ते सांगते, कारण तुमच्या दोन तासांचं उत्तर त्यात आहे. २००९ मध्ये माझ्या दादाला पहिला झटका आला. सात रात्री झोप नाही, जेवणात विष घातलंय म्हणून ताट फेकलं. आईने पोलिसांना फोन केला, चार जण आले, कुणी वाईट नव्हतं पण घाईत होते. "ए चल, नाटकं बास" म्हणत त्याचे हात नायलॉनच्या दोरीने मागे बांधले. झटापटीत त्याच्या पायजम्याची नाडी सुटली आणि हात मागे, त्याला ती धरता येईना. सगळी आळी गॅलरीत. आई जीपमागे धावत गेली आणि सगळ्यांसमोर तिने आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलाची नाडी बांधली. दादा बरा झाला, औषधं लागू पडली, पण तीन वर्षांनी परत तसंच सुरू झालं तेव्हा आईने कुणालाच फोन केला नाही. पाच दिवस दार लावून बसली. त्या पाच दिवसांत दादाने अंगावर रॉकेल ओतून घेतलं होतं, काडी ओढायच्या आत मामा पोचला म्हणून तो आज आहे. पहिल्या वेळी कोण आलं, कसं आलं, त्यावर घरचे दुसऱ्यांदा फोन करतील की नाही ते ठरतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आपल्याकडे होऊ शकतं का? माझ्या मते नवीन गाडी, नवीन खातं काहीच लागत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्याचं कलम १०० सांगतं की अशा माणसाला संरक्षण देणं हे पोलीस ठाण्याच्या इन्चार्जचं कर्तव्य आहे, त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं आणि लॉकअपमध्ये कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. कलम ९४ प्रमाणे जिवाला धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत इमर्जन्सी उपचार करू शकतो, आणि त्यात दवाखान्यापर्यंत नेणंही आलं. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, इथं कॅनबेरात तोसुद्धा नसतो! जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते. पोलीस, १०८ चा डॉक्टर आणि त्या टीममधली एक नर्स, हे तिघं निदान फोनवर जरी एकत्र आले ना, तरी निम्मं काम होईल. एका जिल्ह्याने सहा महिने करून बघावं एवढंच माझं म्हणणं आहे.

तोपर्यंत तुमच्यासाठी. काका आत्ता बरे असतील तर आत्ताच १४४१६ ला फोन करून ठेवा, टेली-मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलतात. पुढच्या वेळी बिथरले तर १०८ लावा, आणि "वेड्यासारखं करतायत" म्हणू नका. स्किझोफ्रेनियाचे पेशंट आहेत, औषध अमुक दिवसांपासून बंद आहे, हातात काही हत्यार आहे की नाही, एवढं सांगा. हत्यार असेल तर ११२ पण लागेलच, तिथं नर्सची वाट बघू नका. पोलीस आले की घरातल्या एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी आत जायचं, टीव्ही बंद करायचा, दार अडवायचं नाही. प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाईलवर ठेवा.

आणि एक, २०१७ च्या त्याच कायद्यात काकांना बरे असताना लिहून ठेवता येतं की मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं. ऐन इमर्जन्सीत ते डॉक्टरांवर बंधनकारक नसतं हे खरं, पण आलेल्या माणसाच्या हातात कागद दिला की तो वाचतो. काकांबरोबर बसून त्यांच्याच शब्दांत लिहा. दादाचा कागद आईच्या कपाटात आहे, त्यात औषधांबद्दल दोनच ओळी आहेत, बाकी असं: हात बांधू नका, मी स्वतः गाडीत बसेन. आईला शेजारी बसू द्या. निघायच्या आधी मला पँट घालायला पाच मिनिटं द्या.