नीतिशास्त्र शिकल्याने नैतिक निर्णय बदलतात का?

नीतिशास्त्राच्या अभ्यासाने माणसाचे बरे-वाईट ठरवणे खरोखर बदलते, की आधीच ठरलेल्या मताला फक्त भारदस्त शब्द मिळतात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते एखाद्या नेमक्या प्रश्नावरचे मत बदलते आणि कधीकधी वागणेही बदलते. पण निर्णयशक्तीच एकंदर निर्दोष होते, असे म्हणायला मला आधार दिसत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेत एरिक श्विट्झगेबेल, ब्रॅडफर्ड कोकेलेट आणि पीटर सिंगर यांनी केलेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तत्त्वज्ञानाच्या वर्गांतील १,३३२ विद्यार्थ्यांपैकी काहींना मांसाहाराच्या नैतिकतेवरील, तर इतरांना दानधर्मावरील वाचन आणि चर्चा देण्यात आली. कारखानी पद्धतीने वाढवलेल्या प्राण्यांचे मांस खाणे अनैतिक आहे, असे नंतर पहिल्या गटातील ४३ टक्के आणि दुसऱ्या गटातील २९ टक्के विद्यार्थ्यांनी मान्य केले. तोंडी मतावर विसंबून न राहता उपाहारगृहांच्या पावत्याही तपासल्या गेल्या (या विषयात असे फार क्वचित होते), तेव्हा पहिल्या गटाच्या जेवणाएवढ्या खरेदीतील मांसाहाराचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आलेले आढळले. दुसऱ्या गटात ते ५२ टक्केच राहिले. शिकवण्यातील नेमक्या कोणत्या भागामुळे हे घडले ते स्पष्ट नाही, पण वाचन आणि चर्चा ताटातल्या ठरावीक पदार्थाविषयी होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

मात्र ज्यांनी हा विषय आयुष्यभर शिकवला, त्यांच्याकडे पाहिले की उत्साह ओसरतो. श्विट्झगेबेल आणि जोशुआ रस्ट यांच्या २०१४ च्या पाहणीत सस्तन प्राण्यांचे मांस नेहमी खाणे वाईट, असे नीतिशास्त्राच्या ६० टक्के प्राध्यापकांनी म्हटले. तत्त्वज्ञानाबाहेरच्या प्राध्यापकांत हे प्रमाण १९ टक्के होते. आदल्या रात्रीच्या जेवणात काय होते, या प्रश्नाच्या उत्तरांत मात्र दोघांमध्ये लक्षणीय फरक नव्हता.

निर्णयाच्या स्थैर्याचीही तीच गत आहे. रुळावरून पाच जणांच्या दिशेने अनावर धावणारी ट्रॉली (रुळावरची गाडी) सांधा बदलून दुसऱ्या रुळावर वळवावी, म्हणजे ते पाच जण वाचतील आणि तिथला एक मरेल, हा कल्पित प्रसंग आधी सांगितला, तर बहुतेकांना ते चालण्यासारखे वाटते. पण त्याआधी, पाच जणांना वाचवण्यासाठी एका माणसाला स्वतःच्या हातांनी ट्रॉलीपुढे ढकलण्याचा प्रसंग सांगितला, तर सांधा बदलणेही लोकांना अधिक खटकू लागते. श्विट्झगेबेल आणि फिअरी कुशमन यांनी २०१२ मध्ये दाखवले की तत्त्वज्ञानाचे व्यावसायिक अभ्यासकही अशा क्रमाच्या प्रभावातून सुटत नाहीत, इतकेच नव्हे, तर प्रसंग कोणत्या क्रमाने आले यावर ते पुढे कोणते सामान्य तत्त्व मान्य करतात हेही काही अंशी ठरते. सराईत माणूस घसरलेल्या निर्णयाला तत्त्वाचा टेकू देतो, तेव्हा ती घसरण त्याच्या लक्षात येणे अधिकच अवघड होते, असे मी यावरून समजतो.

म्हणून आपण अभ्यासक्रम निवडणार असाल, तर ज्यात एकेका प्रत्यक्ष प्रश्नावर दीर्घ चर्चा होते असा निवडावा, प्रत्येक प्रसंगावरील आपला निर्णय वाचनापूर्वी लिहून ठेवावा आणि काही दिवसांनी तेच प्रसंग उलट्या क्रमाने वाचून तो पुन्हा लिहावा.